चुकलं तर गाडी थांबेल, की थांबणारच नाही?

पत्र:

"दादा नमस्कार. मी इंदूरला, सुदामानगरला राहतो. आईची डब्यांची मेस आहे, रोज दोन्ही वेळा भंवरकुआंच्या होस्टेलांवर डबे पोचवायचे असतात, म्हणून मामांकडून त्यांची २००६ची ओमनी घेतली, पेट्रोल, एमपीएफआय म्हणजे इंजेक्शनवाली. चालते चांगली पण ट्रॅफिकमधे गरम होते, मोकळ्या रस्त्यावर काही नाही. मिस्तरी म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेक. एक फ्यूज सारखा उडायचा, मी १५च्या जागी ३०चा टाकला, आता उडत नाही. ब्रेक ऑइल दर दोन-तीन आठवड्यांनी खाली जातं, मी वरून भरतो, पेडल थोडं नरम लागतं. मिस्तरीचा खर्च परवडत नाही म्हणून व्हिडिओ बघून सगळं घरीच करायचं ठरवलंय. पाने आहेत, जॅक आहे, खाली लावायला विटा आहेत. पुढच्या महिन्यात आजीला ओंकारेश्वरला न्यायचंय. घरी काय करू, काय नको, आणि कुठल्या चुका टाळू?"

उत्तर:

अरे, सगळ्यात आधी हे सांगतो की तू स्वतः गाडीला हात लावायचं ठरवलंस हे मला मनापासून आवडलं. आणि गाडीही तुला बरोबर मिळाली आहे. ८४ साली मारुती व्हॅन म्हणून आलेली, २०१९ मधे बंद झालेली, ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन, सेन्सर मोजके, पार्ट अजून मिळतात आणि इंदूरमधे असा मिस्तरी सापडणार नाही ज्याने ओमनी कधी उघडली नाही. शिकायला यापेक्षा सोपी गाडी आज शोधून मिळायची नाही.

पण तुझं पत्र वाचताना मला काळजी उलट्या क्रमाने वाटली. तू गरम होण्याचं आधी लिहिलंस आणि ब्रेकचं शेवटी, तेही "थोडं नरम" म्हणून. माझ्यासाठी ब्रेक पहिला, फ्यूज दुसरा, विटा तिसऱ्या, आणि गरम होणं सगळ्यात शेवटी.

काय आहे ना, जुन्या गाडीचं कुठलंही काम हातात घ्यायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा, यात माझ्या हातून चुकलं तर गाडी थांबेल, की गाडी थांबणारच नाही? प्लग नीट बसला नाही, एअर फिल्टर उलटा लागला, बॅटरीचं टर्मिनल सैल राहिलं, तर फार तर गाडी थांबेल, डबे उशिरा जातील, आई रागावेल, बस. ही कामं तुझी. ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, चाकाचं बेअरिंग, पेट्रोलची लाइन, गॅस किट, यात चुकलं तर तुझ्यासकट रस्त्यावरच्या कुणाचाही जीव जाऊ शकतो. ही कामं तू एकट्याने, पहिल्यांदा, फोनवर व्हिडिओ बघत करायची नाहीत. शिकायचीच नाहीत असं म्हणत नाहीये, शिकायची, पण जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हे इंजिन ऑइलसारखं जळत नाही, खर्च होत नाही. ब्रेकचे पॅड झिजतात तसं ब्रेक ऑइलच्या डब्यातलं लेव्हल हळूहळू थोडं उतरतं, ते सुद्धा महिनोनमहिने लागतात. दोन-तीन आठवड्यांत भरावं लागतंय म्हणजे कुठूनतरी गळतंय आणि जिथून ऑइल बाहेर जातं तिथून हवा आत येऊ शकते, म्हणून पेडल नरम. तू वरून भरतोयस म्हणून गाडी अजून थांबतेय, पण ते किती दिवस चालेल हे तुझ्या हातात नाही. आजच बघ: चारही चाकांच्या आतल्या बाजूला टायरवर ओलसर डाग आहे का, मागच्या ड्रमच्या पाठीमागच्या पत्र्यावरून काही ओघळलंय का, पुढच्या रबरी होजला भेगा आहेत का, बॉडीखालून जाणारा ब्रेक पाइप गंजलाय का, मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ऑइलला देणारा तो) मागे ओल आहे का. जुन्या गाडीत बहुतेक वेळा मागच्या व्हील सिलिंडरची रबरं गेलेली असतात, ऑइल ड्रमच्या आत गळतं आणि ब्रेक शू भिजतात, मग एका बाजूचा ब्रेक धरतो, दुसरा धरत नाही आणि जोरात दाबला की गाडी एकीकडे ओढते. बघण्याचं काम तुझं. दुरुस्ती मिस्तरीकडे, आणि ती होईपर्यंत डबे दुसऱ्या कुणाच्या गाडीने किंवा लोडिंग रिक्षाने पाठव, थोडा खर्च होईल, होऊ दे.

मिस्तरी काम करेल तेव्हा तिथे उभा राहा आणि काही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघ. एक, शू किंवा पॅड बदलायचे तर एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बाजूंचे बदलायचे, एकाच चाकाचे नाही. दोन, एका वेळी एकच ड्रम उघडायचा, म्हणजे स्प्रिंगा कुठे कशा होत्या हे विसरलं तर दुसरं चाक समोर असतं बघायला. तीन, ब्रेकची रबरं पेट्रोलने किंवा डिझेलने धुवायची नाहीत, कितीही जुना मिस्तरी असो आणि कितीही वर्षं तो तसं करत असो, त्याने रबर फुगतं आणि काही दिवसांत परत गळायला लागतं. नवीन ब्रेक ऑइलनेच पुसायची. चार, ड्रममधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू द्यायची नाही, जुन्या लायनिंगमधे अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती फुफ्फुसात गेली की बाहेर येत नाही, ओल्या फडक्याने पुसायची. ब्रेकच्या लाइनीतली हवा काढताना नळीतून जे ऑइल बाहेर आलं ते परत डब्यात ओतायचं नाही. आणि सीलबंद डबा तुझ्यासमोर उघडला पाहिजे, कारण हे ऑइल हवेतला ओलावा ओढतं, सहा महिने अर्धा उघडा पडलेला डबा स्वस्तात मिळाला तरी नको. ते रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, लगेच पाण्याने धुवायचं.

ओलाव्याचं एवढं का बोलतोय ते सांगतो कारण तुला ओंकारेश्वरला जायचंय. ताजं डॉट ३ ब्रेक ऑइल किमान २०५ डिग्रीला उकळतं, पण त्यात साडेतीन-पावणेचार टक्के पाणी मिसळलं की तेच १४० च्या आसपास उकळू शकतं. ओंकारेश्वरच्या वाटेवर सिमरोलच्या पुढे भेरूघाटासारख्या उतारावर माणूस सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरतो, ड्रम तापतात, ऑइलमधे वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ खाली. धामनोदजवळच्या गणपती घाटात ब्रेक फेलचे किती अपघात आपण वर्षानुवर्षं पेपरात वाचले, तिथे ट्रक जास्त असतात हे खरं, पण तापलेला ब्रेक ट्रक आणि ओमनी असा फरक करत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं, आणि उतारावर दुसऱ्या गिअरमधे उतरायचं, न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायला जायचं नाही.

फ्यूजकडे येतो. फ्यूज उडतो म्हणून मोठा टाकणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. फ्यूज हा वायर वाचवायला असतो, १५ अँपिअरच्या वायरला ३० चा फ्यूज लावला की आता फ्यूजच्या जागी वायर जळेल, आणि ती वायर कार्पेटखालून, सीटखालून, पेट्रोलच्या लाइनीच्या आसपासून गेलेली असते. आजच काढ. निळा १५चा असतो, हिरवा ३०चा, लाल १०, पिवळा २०, कव्हरवर जो आकडा लिहिलाय तोच टाकायचा, तारेचा तुकडा किंवा सिगारेटची चंदेरी पन्नी तर कधीच नाही.

आणि आता खरी गंमत बघ, मला वाटतं तुझा फ्यूज आणि तुझं गरम होणं हे एकच दुखणं आहे. तो फ्यूज कशाचा आहे हे तू लिहिलं नाहीस, कव्हर उलटून बघ. गाडी मोकळ्या रस्त्यावर थंड राहते म्हणजे रेडिएटर, वॉटर पंप, कूलंट बहुतेक ठीक आहेत, समोरून हवा मिळतेय तोवर काम होतंय. टॉवर चौराह्यावर किंवा भंवरकुआंला सिग्नलला उभा राहिलास की हवा फक्त पंख्याची, आणि तिथेच गरम होते म्हणजे पंखा एकतर चालत नाही किंवा जड फिरतोय. जड फिरणारी मोटर जास्त करंट ओढते, फ्यूज उडतो. तू ३० चा टाकल्यावर उडायचा बंद झाला म्हणजे एकतर मोटर जळून गेली किंवा वायर तापतेय, दोन्ही वाईट. तपासणं सोपं आहे, आणि हे काम तुझं: इंजिन पूर्ण थंड, चावी काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह काढलेली, मग पंखा हाताने फिरवून बघ. मोकळा फिरतो की अडकतो? अडकत असेल तर मोटर बदलायची. मोकळा असेल तर पंख्याचा प्लग काढून मोटरला बॅटरीवरून, मधे १५चा फ्यूज लावलेल्या वायरने, थेट करंट देऊन बघ, हात आणि बाही पात्यांपासून लांब. फिरला तर मोटर चांगली, दोष स्विच, रिले किंवा वायरिंगमधे. हे सगळं तपासेपर्यंत रेडिएटर किंवा आणखी काही बदलायला कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. जुन्या गाडीत सगळ्यात जास्त पैसे असेच जातात, अंदाजाने पार्ट बदलत राहण्यात. आधी शोधायचं, मग एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायचं, मग दुसरी.

हो आणि रेडिएटरच्या जाळीत बाहेरून माती, पिसं, किडे अडकलेले असतात, माळव्याच्या धुळीत तर विचारू नकोस, साध्या पाण्याच्या पाइपने धुवायची, जोराचं प्रेशर मारून पाती वाकवायची नाहीत. कधीकधी एवढ्यानेच निम्मं काम होतं.

थर्मोस्टॅट काढून फेकायचा सल्ला आपल्याकडे अगदी घरोघरी ऐकायला मिळतो आणि मला तो अजिबात पटत नाही. थर्मोस्टॅटचं काम इंजिनला लवकर योग्य तापमानाला आणून तिथेच ठेवणं. काढला की इंजिन थंडच राहतं, मोकळ्या रस्त्यावर तर खूपच, आणि तुझी गाडी एमपीएफआय आहे, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गार आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, अ‍ॅव्हरेज पडतो, प्लग काळे होतात, ऑइल लवकर खराब होतं. आणि तुझा पंखा बंद असेल तर थर्मोस्टॅट काढूनही सिग्नलला गरम होणारच आहे. शंका असेल तर काढून गरम पाण्याच्या भांड्यात टाकून बघ, पाणी उकळीला यायच्या आधी उघडला पाहिजे. उघडत नसेल तर नवीन टाक, काही फार महाग नसतो. पण भांडं आईच्या स्वयंपाकातलं नको, कूलंट विषारी असतं.

कूलंटवरून, रेडिएटरची कॅप गरम इंजिनवर उघडायची नाही, आत प्रेशर असतं, उघडताच उकळतं पाणी तोंडावर येतं. फडकं ठेवून हळू उघडलं तर चालतं असं लोक सांगतात, चालत नाही, अर्धा-पाऊण तास थांब. बोरिंगचं पाणी टाकू नकोस, सुदामानगरला काय किंवा कुठे काय, बोरिंगच्या पाण्यातले क्षार आत थर धरतात. तयार मिक्स केलेलं कूलंट घे, किंवा कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं. आणि ओमनीत इंजिन सीटखाली, रेडिएटर पुढे, मधे लांब पाइप, त्यामुळे नवीन भरल्यावर हवा अडकते. कॅप उघडी ठेवून गार इंजिन सुरू कर, बुडबुडे येणं थांबेपर्यंत लेव्हल भरत राहा, मग कॅप लाव, आणि पहिले दोन दिवस डबे द्यायला निघायच्या आधी गार असताना लेव्हल बघ. भरूनही सारखं कमी होत असेल आणि कुठे गळताना दिसत नसेल, किंवा ऑइल भरायच्या झाकणाखाली चहाच्या रंगाचा फेस दिसला, तर इंजिनच्या हेडचं पॅकिंग (गॅस्केट) गेलं असेल, मग ती गाडी चालवायची नाही.

विटा. अरे, विटा नको रे. वीट दाबाखाली हळूहळू वाकत नाही, एका क्षणात चुरा होते, सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर त्याहून वाईट. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालायचं नाही, "दोनच मिनिटं" सुद्धा नाही. दोन चांगल्या घोड्या (जॅक स्टँड) घे, सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत विचार, त्यावर वजनाची क्षमता लिहिलेली असते ती बघ. तुझ्या हत्यारांवर पहिला खर्च हाच झाला पाहिजे, गोटी सेटच्या (सॉकेट पान्यांच्या) आधी.

उचलायच्या आधी जागा बघ. आपली काळी माती पावसाळ्यात वरून कडक दिसते आणि जॅक हळूहळू एका बाजूला धसतो, पेव्हर ब्लॉक पण खालून पोकळ असले की कलतात. सिमेंटची सपाट जागा, नाहीतर खाली जाड फळी. आणि तुझ्या गाडीचं एक खास, ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी आहे आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांवर. दोन्ही मागची चाकं उचललीस की हँडब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी, गाडी पुढच्या चाकांवर मोकळी सरकते. एकच मागचं चाक उचललं तरी फक्त गिअरवर विसंबू नकोस, डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं चाक फिरू शकतं, उचललेलं उलट फिरतं. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडण (ठोकळे) लावायची, प्रत्येक वेळी. २००६ची गाडी आहे, तेव्हा जॅक जिथे लागतो तिथला पत्रा आधी पेचकसाने टोचून बघ, आत गंज असेल तर जॅक पत्र्यात घुसतो. गाडी घोड्यांवर ठेवली की खाली जायच्या आधी जोरात हलवून बघायची. आणि घरात कुणीतरी असताना काम कर.

इंजिन तुझ्या सीटखाली आहे हे ओमनीचं वेगळेपण आणि त्यात एक चूक अशी आहे जी फार कुणी बोलत नाही. काम झाल्यावर सीटखालचं झाकण आणि त्याभोवतीची फोमची किंवा रबराची पट्टी जशीच्या तशी परत बसली पाहिजे. ती फाटली म्हणून काढून टाकली तर आवाज आणि उष्णता तर येतेच, पण सायलेन्सरच्या जॉइंटमधून धूर लीक होत असेल तर तो सरळ केबिनमधे येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आधी डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं उन्हाचा त्रास होतोय. हिवाळ्यात काचा बंद करून गाडी चालवताना डोकं दुखायला लागलं तर हलक्यात घेऊ नकोस. आणि गेट बंद करून शेडमधे इंजिन चालू ठेवून ट्यूनिंग करत बसायचं नाही.

आता जी कामं तुझी आहेत त्यांच्याबद्दल. ऑइल आणि फिल्टर, एअर फिल्टर, प्लग, कूलंट, बॅटरी, बल्ब, वायपर, सरकत्या दाराचे रोलर आणि रेल साफ करून ग्रीस, एवढं जरी तू नीट करायला लागलास तरी वर्षाचा बराच खर्च वाचेल. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी, कारण पूर्ण बॉडी निगेटिव्ह असते आणि पॉझिटिव्हवरचा पाना बॉडीला टेकला तर ठिणगी पडते, पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. अंगठी, कडं काढून ठेव.

प्लग गार इंजिनवर काढ. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, गरम असताना जबरदस्ती केली की चूडी (आटे) प्लगबरोबर बाहेर येते आणि मग शंभर-दोनशेचं काम हजारोंचं होतं. काढायच्या आधी आजूबाजूची धूळ उडव, नाहीतर ती सिलिंडरमधे पडते. एका वेळी एकच प्लगची वायर काढ म्हणजे क्रम चुकणार नाही. नवीन प्लग पाना न लावता नुसत्या हाताने फिरवत बसव, तीन-चार फेरे मऊ गेले तरच पाना लाव, अडकला तर लगेच मागे फिरव, पुढे दाबू नकोस. सगळ्याच बोल्टांना हेच लागू आहे खरंतर, सुरुवात हाताने, शेवट पान्याने. आणि घट्ट म्हणजे आपल्या अंगातली सगळी ताकद नाही, जुन्या गाडीत तुटतात त्यातले बरेच बोल्ट काढताना नाही, लावताना तुटतात. टॉर्क पाना विकत घेणं आत्ता जमणार नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एक दिवस माग.

गंजलेला बोल्ट असेल तर आदल्या रात्री तारेच्या ब्रशने घासून गंज सोडवायचं स्प्रे मारून ठेव, सकाळी परत मार. सहा कोनी गोटी वापर, बारा कोनी किंवा ढिला डी पाना लावलास की डोकं गोल झालंच म्हणून समज. हलका हातोडा मारून सैल कर, थोडा सोडव, थोडा परत कस, परत सोडव. घाई झाली की तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढायला मग अर्धा दिवस जातो.

ऑइल कोमट असताना काढ, उकळतं नको. फिल्टर काढल्यावर जुन्याची रबरी रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाहीये ना हे बोट फिरवून बघ, तशीच राहिली आणि वर नवीन फिल्टर बसला की दोन रिंगांमधून सगळं ऑइल काही मिनिटांत रस्त्यावर. नवीन रिंगला ऑइलचं बोट लाव, फिल्टर हातानेच कस. ऑइल काढायच्या खालच्या नटाचा वॉशर नवीन. आणि जळकं ऑइल नालीत किंवा कान्ह नदीकडे जाणाऱ्या नाल्यात नाही हं, कॅनमधे भरून गॅरेजवाल्याला दे, त्यांच्याकडून ते घेऊन जाणारे असतात. रोज सहा प्रकारचा कचरा वेगळा करून देणाऱ्या गावात राहतो आपण.

पेट्रोलचे पाइप मात्र नीट बघ, बघायला बंदी नाही. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि तुझ्या गाडीची रबरं त्या हिशोबाने बनलेली नाहीत, ती कडक होतात, भेगा पडतात. सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर इंजिन सुरू न करता शोध. बदलताना साधी पेट्रोलची नळी चालत नाही, इंजेक्शनच्या गाडीत लाइनमधे प्रेशर असतं आणि गाडी बंद केल्यावरही ते राहतं, क्लिप काढली की पेट्रोल पिचकारीसारखं उडतं, तेही गरम इंजिनवर. होज इंजेक्शनचाच, त्यावर एसएई ३० आर ९ असं छापलेलं असतं, क्लिपाही त्याच्याच. हे काम मिस्तरीकडून. टायमिंग बेल्ट पण त्याच्याकडून, आणि मामांना विचार शेवटचा कधी बदलला, त्यांना आठवत नसेल तर बदललाच नाही असं धरून चाल.

पार्ट आणायला जाताना जुना पार्ट हातात घेऊन जा, मॉडेलचं वर्ष सांग, पाकिटावरचा पार्ट नंबर जुळव. ब्रेक आणि फिल्टरमधे डुप्लिकेट फार येतात, निम्म्या किमतीत मिळाला तर आनंद नको, शंका घे. नवीन बसून गाडी नीट चालेपर्यंत जुना टाकू नकोस.

अजून एक, हे तुझ्या घराचं म्हणून सांगतो. या गाडीवर आईचा धंदा आहे, त्यामुळे रात्री डबे देऊन आल्यावर थकलेल्या हाताने, मोबाइलच्या उजेडात काहीही उघडायचं नाही. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, तुमचीही असेल तर रविवारी दुपारी सुरू कर आणि पार्ट शनिवारीच आणून ठेव कारण रविवारी बरीच दुकानं बंद. खोलताना प्रत्येक पायरीला फोटो काढ, नट-बोल्ट वेगवेगळ्या जुन्या डब्यांत, वर कागदावर लिहून. सोमवारी सकाळच्या डब्यांसाठी कुणाची गाडी मिळेल हे रविवारी सकाळीच बोलून ठेव, म्हणजे काम अर्धवट राहिलं तरी घाईघाईत जोडायची वेळ येणार नाही. घाईत जोडलेल्या गाडीतच एखादा नट सैल राहतो.

मिस्तरीच्या खर्चाबद्दल, एकच मिस्तरी धर आणि त्याला सरळ सांग की मला शिकायचंय, पार्ट मी आणतो, तुमची मजुरी देतो, तुम्ही करा आणि मी पाने देतो. थर्मोस्टॅट काढ म्हणणारा असेल तर दुसरा शोध. चांगला मिस्तरी अशा पोराला नाही म्हणत नाही, फक्त त्याच्या गर्दीच्या वेळी जाऊ नकोस, दुपारी जा, आणि त्याच्या कामात व्हिडिओतलं ज्ञान मधेमधे सांगू नकोस.

कागदांकडे पण एक नजर टाक. खाजगी पेट्रोल गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, मग दर ५ वर्षांनी रिन्यू, म्हणजे २००६ची गाडी २०२१ ला रिन्यू झाली असेल तर २०२६ ला परत पाळी आहे. तेव्हा आरटीओत गाडी तपासतात, ब्रेक, लाइट, धूर सगळं. जास्त वॉटचे हेडलाइट बल्ब कुणी सुचवले तर टाकू नकोस, वायरिंग तापतं आणि तपासणीतही अडकशील. आणि गाडी मामांच्या नावावरच असेल तर आधी ट्रान्सफर करून घे, इन्शुरन्सही तुझ्या नावावर, अपघात झालाच तर दोघांच्या घरात भांडण नको.

ओंकारेश्वरचं आता. ब्रेकचं काम झालं की लगेच निघायचं नाही, आठवडाभर शहरात चालव, रोज सकाळी ब्रेक ऑइलची लेव्हल बघ, डब्यावर पेनाने खूण करून ठेव. जायच्या आदल्या दिवशी इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धर. पेडल तिथेच राहिलं, लेव्हल खुणेवर असली, सिग्नलला पंखा आपोआप सुरू झाला, चाकाचे नट एकासमोरचा दुसरा अशा क्रमाने कसलेले असले, स्टेपनीत हवा असली, तर सकाळी लवकर उन्हाच्या आधी निघ. पेडल हळूहळू खाली जायला लागलं तर त्या दिवशी गाडी घरी ठेव आणि आजीला बसने घेऊन जा, इंदूरहून ओंकारेश्वरला बस मिळतात, आणि परत आल्यावर मास्टर सिलिंडर उघडायला सांग.